फुलांचा चित्ररथ: टाटा ४०७ वर तीन रोहित पक्षी, पाडव्याच्या शोभायात्रेसाठी

यंत्र_तिसरे_वर्ष

नमस्कार. आम्ही मुंबईतल्या अभियांत्रिकीच्या आणि उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांचा एक गट आहोत, जवळपास तीस जण. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत चित्ररथ न्यायचा आहे. विषय ठाण्याची खाडी आणि तिथले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. तीन पक्षी, प्रत्येकी ८ फूट उंच, भोवती कांदळवन, आणि जे जे दिसतं ते सगळं खऱ्या फुलापानांचं.

गाडी टाटा ४०७ ठरली आहे, मागचा हौदा १० फूट बाय ६ फूट. वेल्डिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होईल. थर्माकोल वापरायचा नाही.

अमेरिकेत पॅसाडिनाच्या रोझ परेडमध्ये, म्हणजे नववर्षाच्या फुलांच्या रथांच्या मिरवणुकीत, कॅल पॉलीचे (कॅलिफोर्नियातल्या पॉलिटेक्निक विद्यापीठांचे) विद्यार्थी १९४९ पासून फुलांचा रथ करतात. त्यांच्या पद्धतीबद्दल वाचलं आहे, पण ते सगळं इथे मार्चअखेरच्या उकाड्यात चालेल का?

विचारायचं आहे ते असं: सांगाडा कसला आणि किती जड असावा? लांब मान हलणार नाही यासाठी काय करायचं? फुलं किती लागतील, गुलाबी रंग कुठून आणायचा? कोणतं काम किती दिवस आधी सुरू करायचं? आणि फुलं खोचायला ओला फोम नको असेल तर त्याऐवजी केळीचं खोड वापरता येईल का?

---

जोडारी

सांगाड्यापासून सुरू करतो, कारण रथ फसतो तो बहुतेक वेळा तिथेच.

४०७ ला वजनाची अडचण नाही. तुमचा सगळा पसारा, वर उभी राहणारी चार माणसं धरूनही, गाडीच्या क्षमतेच्या खूप आत राहील. अडचण आहे ती उंचावरच्या वजनाची. रस्ता थोडा वरखाली झाला की हौदा दोन बोटं कलतो आणि ८ फुटांवरचं डोकं वीतभर झुलतं. म्हणून एकच नियम धरा: खाली जड, वर हलकं.

तळाची चौकट ४० बाय ४० मिमी, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपची करा. हा पाइप मीटरला साधारण २.४ किलो भरतो. १० बाय ६ ची कड आणि चार आडवे तुकडे मिळून १७ मीटर, म्हणजे ४० किलोच्या आसपास. ही चौकट गाडीला वेल्ड करू नका. खाली रबराच्या पट्ट्या घालून यू-बोल्ट आणि रॅचेटच्या पट्ट्यांनी हौद्याला आवळा. गाडी भाड्याची असते आणि संध्याकाळी परत द्यायची असते.

पाय: दीड इंची गोल पाइप. खाली १५० बाय १५० बाय ६ मिमीची पाटी, तिला चार बाजूंनी त्रिकोणी कान (कोपऱ्याला बळकटी देणारे पत्र्याचे तुकडे), आणि ही पाटी चौकटीच्या आडव्या तुकड्यावरच यायला हवी. दोन आडव्यांच्या मधल्या पत्र्यावर पाय बसवला तर पत्रा डफासारखा वाजतो आणि पक्षी डोलतो. एका पायावर उभा असलेला रोहित फार सुंदर दिसतो हे मान्य, पण तिन्हींपैकी एकालाच ती ढब द्या आणि तो मधे ठेवा. त्याच्या मागे गवताच्या आडोशात एक तिरका टेकू लपवता येतो.

शरीर आणि मान २५ बाय २५ मिमी, १.६ मिमी जाडीच्या पाइपमध्ये. हा मीटरला १.२ किलोच्या आत भरतो. मानेसाठी पाइप बेंडरमधून सलग वाकवून घ्या, तुकडे जोडून वळण काढू नका. प्रत्येक जोड हा पुढच्या भेगेची जागा असतो. मानेचा पाइप पोटात शिरल्यावर निदान ४० सेंमी आत गेला पाहिजे आणि दोन ठिकाणी पकडला गेला पाहिजे. नुसता छातीवर वेल्ड केला तर पहिल्या गतिरोधकालाच तडा जाईल. डोक्यापासून पाठीपर्यंत एक बारीक पोलादी तार ताणा. पिसांच्या रंगाने रंगवली की सहा फुटांवरून दिसत नाही.

केळीच्या खोडाबद्दल: मानेत मुळीच नको. दीड मीटर लांब, १५ सेंमी जाड मान खोडाने भरायची तर २६ लिटर आकारमान होतं. खोड जवळजवळ पाणीच असतं. वीस किलोच्या वर वजन टोकाशी लटकेल. तेच जाळी, गोणपाट आणि फुलं असं केलं तर मान पाइपसकट ५ किलोंत बसते. खोड खाली, कांदळवनाच्या चिखलात वापरा. तिथे ते उत्तम.

फुलं लावण्याआधी चाचणी घ्या. फुलांच्या अंदाजे वजनाच्या दीडपट वाळूच्या पिशव्या पाठीवर आणि मानेवर बांधा, आवारातल्या गतिरोधकावरून गाडी दहादा न्या आणि मग प्रत्येक वेल्डवरून बोट फिरवा. रंग फुटलेला दिसला की खाली तडा आहे असं समजा.

---

दादर_पहाट

आता फुलं.

आधी रंग. सगळे पक्षी गडद गुलाबी करायचा हट्ट धरू नका. खाडीत मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन्ही येतात. मोठ्या रोहितचं अंग पांढरट गुलाबी असतं, पंखावर लालसर गुलाबी पट्टा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. म्हणजे अंगाला पांढरी शेवंती, पंखाला गुलाबी ॲस्टर. पांढरी शेवंती बाजारात भरपूर मिळते. एका छटेची गुलाबी फुलं हजारोंनी मिळवताना मात्र दमछाक होते. दोन मोठे रोहित आणि एक छोटा असं केलंत तर पक्षी ओळखणाराही खूश होईल आणि खर्चही आवरेल. छोट्याला फिका-गडद ॲस्टर मिसळून, आणि छातीवर, जिथे कॅमेरे वळतात तिथे, गुलाबी कार्नेशन.

गुलाबाच्या सुट्या पाकळ्या नकोत. चिकटवल्यावर काही तासांत कडा काळ्या पडतात. मोगराही नको, उन्हात लगेच तपकिरी होतो.

हिशेब असा. शरीर १२० सेंमी लांब, ७० सेंमी रुंद आणि तेवढंच उंच धरलं तर पृष्ठभाग सुमारे २५ चौरस फूट येतो. मान ८. एका पक्ष्याला ३३. शेवंती साडेतीन सेंमीहून थोड्या जास्त अंतराने खोचली तर चौरस फुटाला ७० फुलं लागतात. म्हणजे पक्ष्याला २,३०० आणि तिघांना ७,००० च्या जवळ. त्यावर पाव भाग तूट धरा, कारण चेपलेली, देठ तुटलेली, न उमललेली फुलं निघतातच. पावणेनऊ हजार. मध्यम शेवंती किलोला ३०० धरली तर तीस किलोच्या आत बसतं, पण फूल लहान-मोठं असतं, म्हणून आधी एक किलो विकत घेऊन मोजा आणि मग मागणी द्या.

गाडीची झालर: दोन बाजू १० फूट, मागे ६ फूट, उंची ३ फूट. ७८ चौरस फूट. झेंडूच्या उभ्या माळा ५ सेंमी अंतराने सोडल्या तर १५८ माळा, प्रत्येकी १८ फुलं. कलकत्ता झेंडू किलोला दीडशे धरून १९ किलो, तुटीसह २४. झेंडू ओवताना देठाच्या बोंडातून दोरा घ्या, पाकळ्यांमधून घेतलात तर फूल फाटून माळेवर सरकतं.

खरेदी दादर पश्चिमेच्या फूलबाजारात, पहाटे चारच्या सुमारास. पाडव्याच्या आदल्या दोन दिवसांत भाव चढतो आणि मालही कुणाच्या तरी नावाने आधीच लागलेला असतो. म्हणून पंधरा दिवस आधी एखाद्या आडत्याशी बोलून रंग, किलो आणि तारीख पक्की करा, थोडी आगाऊ रक्कम द्या. ॲस्टर जुडीवर मिळतो, कार्नेशन वीस काड्यांच्या गड्डीत. शेवंती मागताना “देठासकट हवी” हे स्पष्ट सांगा. हारासाठी येणारी शेवंती बिनदेठाची असते आणि तुम्हाला खोचायला दीड इंच देठ लागणारच.

गोण्या घरी आणल्या की लगेच उघडा. बंद गोणीत फुलं तापतात आणि मधला थर दुपारपर्यंत काळा पडतो. सावलीत ओल्या सुती साड्या पसरून त्यावर चार-सहा इंचांचा थर द्या, वर पंखा. पाणी शिंपडून ढीग लावणं सगळ्यात वाईट, त्याने बुरशीचे डाग येतात. बर्फाला फूल थेट टेकू देऊ नका. कार्नेशनचे देठ तिरके कापून चार-सहा तास पाण्यात उभे ठेवा, लिटरला पाव चमचा घरगुती ब्लीच. आणि कार्यकर्त्यांच्या नाश्त्याची पिकलेली केळी त्याच खोलीत ठेवू नका. पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीनने कार्नेशन मिटतात आणि पुन्हा उमलत नाहीत.

---

यंत्र_तिसरे_वर्ष

दादा, दोघांचेही मनापासून आभार. मोठ्या रोहितची कल्पना कलेच्या मुलांना फारच आवडली.

अजून दोन गोष्टी. पक्ष्याच्या पोटाखालची फुलं गळणार नाहीत यासाठी काय करावं? आणि तीस जण असताना सगळं एका रात्रीत होईल का? कॅल पॉलीवाले शेवटचा आठवडा फुलांवर घालवतात असं वाचलं.

---

दोरा_सुई_दाभण

तिकडे डिसेंबरअखेरची थंडी असते आणि नाजूक फुलांना पाण्याच्या छोट्या नळ्या लावलेल्या असतात. आपल्याकडे उघड्यावर लावलेली शेवंती दुसऱ्या दुपारी मान टाकते. म्हणून त्यांचं वेळापत्रक घेऊ नका. त्यांच्या दोन गोष्टी मात्र जशाच्या तशा घ्या. एक, फुलांच्या खालचा पृष्ठभाग त्याच रंगाने रंगवणं. त्याने दोन फुलांमधली फट दिसत नाही आणि फुलं दहा-पंधरा टक्के कमी पडली तरी निभावतं. दुसरी, सुकी सजावट आधी उरकणं. तिथे दिसणारा प्रत्येक भाग नैसर्गिक वस्तूने झाकलेला असावा लागतो, पण त्यात बिया, साली, वाळकी पानं सगळं चालतं. बिया आणि साली कोमेजत नाहीत, त्यामुळे ते काम आठवडाभर आधी संपवता येतं.

तुमच्याकडे सुकं काम भरपूर आहे. चोचीचं काळं टोक काळ्या तिळांनी. डोळा मसुराच्या डाळीने. पाय गुलाबी सुतळीने गुंडाळून. चिखल म्हणजे नारळाचा काथ्या आणि लाकडाचा भुसा. कांदळवनाची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं बांबूच्या कामट्यांची करा, वीतभर उंचीची, शेकड्याने. तीच खाडीची ओळख पटवतात. खऱ्या कांदळवनाची एक डहाळीही तोडू नका, ते संरक्षित आहे. पानांसाठी आंब्याचे टहाळे घ्या, पाडव्याला ते सगळीकडे मिळतात आणि दिवसभर ताठ राहतात.

आता पक्ष्याचं अंग. पाइपच्या सांगाड्यावर अर्धा इंची कोंबडीजाळी, तिच्यावर ताणून गोणपाट, सुतळीने आणि दाभणाने शिवलेलं. गोणपाट सैल राहिलं तर फुलांच्या वजनाने पोटाला झोळ येतो. त्यावर धुता येईल असा ॲक्रिलिक इमल्शन रंग द्या आणि दोन दिवस वाळू द्या. साधा डिस्टेंपर दिलात तर पाणी मारल्यावर रंग सुटून पांढऱ्या शेवंतीवर ओघळ येतील.

खोचताना दाभणाने भोक, त्यात देठ. पाठीवर आणि बाजूला देठ नुसता घट्ट बसतो. पोटाखाली नाही बसत. तिथे २२ गेजच्या तारेचे इंग्रजी यू आकाराचे चिमटे आधीच कापून ठेवा, फुलाच्या बोंडाखालून घालून आत जाळीवर वळवा. त्यासाठी आतून हात जायला पाठीत एक फूटभर झाकण ठेवावं लागतं, जे शेवटी बंद होतं. हे झाकण सांगाडा करतानाच ठेवा, नंतर जाळी कापत बसलात तर ताण सुटतो.

खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली की खाली काम करणाऱ्याचं डोकं आणि कोपर वरच्या फुलांना लागतं. पांढरी फुलं सगळ्यात शेवटी, देठालाच धरून. पाकळीला बोट लागलं की तासाभरात डाग उमटतो.

वेळेचा हिशेब माणसांवर नाही, जागेवर करा. एक जण तासाला १२० फुलं नीट लावतो असं धरलं तर ७,००० फुलांना ५८ माणूस-तास. तीस जण आहेत म्हणून दोन तासांत होईल असं वाटतं, पण एका पक्ष्याभोवती एका वेळी चारच जण उभे राहू शकतात. बारा जण, म्हणजे पाच तास, आणि पहाटे हात मंदावतो म्हणून सात धरा. बाकीच्यांपैकी आठ जण देठ कापून, निवडून, परातीत फुलं पुरवायला. सहा जण माळा सोडायला. उरलेल्यांना झोपू द्या, सकाळी रथासोबत चालणारी ताजी माणसं लागतात. रात्री नऊला सुरू केलं तर चारला आटोपतं. मुलामुलींना रात्रभर आवारात थांबण्याची लेखी परवानगी आधी काढा. शेवटच्या लोकलसाठी निम्मी माणसं उठून गेली तर हा हिशेब कोलमडतो.

गोणपाट फुलं लावण्याआधी आतून ओलसर करा, निथळेल इतकं नाही. सकाळी फवारा फक्त खोचलेल्या फुलांवर, अगदी बारीक. डिंकाने चिकटवलेल्या तिळांवर पाणी गेलं की चोच सोलून निघते.

---

फुलपरडी

पोटाखालच्या तारेच्या चिमट्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. यात्रेनंतर हे सगळं निर्माल्य होणार. तारेसकट टाकलेली फुलं गुरांच्या तोंडी गेली तर जिवावर बेततं आणि खतातही ती तार राहते. तारेऐवजी बांबूच्या टूथपिक वापरा. बोंडातून तिरकी घुसवायची, गोणपाटातून आत न्यायची आणि टोकाला थेंबभर डिंक.

---

दोरा_सुई_दाभण

टूथपिक बाजूच्या उतारावर चालेल, अगदी उलट्या पृष्ठभागावर हादऱ्याने निसटते. मधला मार्ग असा: चिमटे फक्त पोटाखालच्या दोन-तीन चौरस फुटांत, आणि ते लावायच्या आधी मोजून घ्या. परतल्यावर तेवढा तुकडा गोणपाटासकट कापून वेगळा काढा. बाकी सगळं बिनतारेचं, थेट खताला देता येईल.

---

फुलपरडी

असं केलंत तर हरकत नाही. माळांचा दोराही नायलॉनचा नको, सुती घ्या.

---

चौथा_गिअर

गाडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

समोरची जाळी, म्हणजे रेडिएटरच्या पुढचा भाग, फुलांनी झाकू नका. पुढे ढोलताशा आणि लेझीम पथकं असतात, रथ दर पाच मिनिटांनी थांबतो. अशा चालीत रेडिएटरला वारा मिळतच नाही. त्यावर माळा टाकल्या की इंजिन तापून बंद पडतं आणि मागची सगळी यात्रा खोळंबते. सजावट बॉनेटच्या कडेने करा. गाडीत वीस लिटर पाणी ठेवा.

सायलेन्सरच्या तोंडाभोवती फूटभर झालर मोकळी सोडा. फुलं करपतात ते एक, पण काथ्या आणि सुका भुसा तिथे आला तर आग लागेल. भुसा-काथ्या लावायला सुरुवात झाल्यावर रथावर वेल्डिंग पूर्ण बंद, एखादा कान सुटला तरी बोल्टने भागवा. चार-सहा किलोची एबीसी पावडरची दोन अग्निशामकं, एक चालकाजवळ, एक मागे. यात्रा सकाळची आहे, जनरेटर आणि दिव्यांच्या भानगडीत पडू नका.

चालक असा घ्या ज्याला अर्ध्या क्लचवर गाडी रेटायची सवय नाही. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच सोडून थोडं पुढे, मग थांबा. क्लच घासत राहिला तर तासाभरात जळका वास येतो. पुढची काच आणि दोन्ही आरसे पूर्ण मोकळे. चार कोपऱ्यांवर शिट्टी घेतलेली चार मुलं. चाकाजवळ येणाऱ्या लहान मुलांवर लक्ष ठेवणं एवढंच त्यांचं काम, फोटो नाहीत.

उंची. हौदा जमिनीपासून तीन फूट धरला तर तुमचे पक्षी ११ फुटांवर जातात. १२ फुटांची खूण केलेला बांबू घेऊन पूर्ण मार्ग चालून या, आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा, कारण पताका आणि कमानी तेव्हाच लागतात. पॅसाडिनात मार्गावर महामार्गाचा पूल येतो म्हणून उंच रथांना वरचा भाग खाली घेण्याची सोय ठेवावी लागते. तुम्हीही मधल्या पक्ष्याची मान पोटापाशी बिजागरीवर बसवा, एक पिन काढली की मागे कलेल अशी. पाठीला ताणलेल्या तारेत तेवढ्यासाठी हुक लागेल.

---

जोडारी

बिजागरी चालेल, पण पिन १२ मिमीची, आणि बिजागरीच्या वर-खाली दोन जाड कान. त्या सांध्यावर फुलं खोचू नका, गुलाबी ॲस्टरच्या सुट्या माळा गुंडाळा, म्हणजे मान वाकवताना काही तुटणार नाही. वाळूच्या पिशव्यांची चाचणी बिजागरी बसवल्यानंतरच घ्या.

---

यंत्र_तिसरे_वर्ष

सगळं टिपून घेतलं. शेवटचा प्रश्न: वर्कशॉप उपनगरात आहे. रथ तिथे पूर्ण करून पहाटे गिरगावला न्यायचा की फुलं तिथे जाऊन लावायची?

---

चौथा_गिअर

सांगाडा, सुकं काम आणि खालचे चिखल-टहाळे उपनगरात. मग गाडी आदल्या संध्याकाळी गिरगावात. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने गेलात तर वाऱ्याने शेवंतीच्या पाकळ्या उलटतात आणि माळा एकमेकींत गुंततात, म्हणून फुलं लावून लांबचा प्रवास नको. जागेसाठी आयोजकांना आत्ताच पत्र लिहून विचारा. एखाद्या शाळेचं पटांगण किंवा वाडीतला चौक मिळतो का बघा, पाण्याचा नळ आणि वर छप्पर असलेला. त्याच पत्रात गाडीचा क्रमांक, चालकाचा परवाना, विमा, पीयूसी आणि रथाची लांबी-रुंदी-उंची देऊन टाका. आयोजक ती माहिती पोलिसांना देतात आणि क्रम ठरवताना त्यांना उंचीही लागते. संध्याकाळी त्या भागात गाडी आत घ्यायला कोणत्या वेळा चालतात ते वाहतूक पोलिसांच्या चौकीत आधी विचारून घ्या.

---

दादर_पहाट

मग फुलं थेट दादरहून गिरगावलाच उतरवा. आदल्या पहाटे घेतलेली शेवंती रात्री नऊपर्यंत पसरून ठेवायची असेल तर त्या पटांगणात दुपारपासून सावलीतली शंभरेक चौरस फूट जागाही मागून ठेवा. झेंडू पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी घेतलात तरी चालतो, माळा ओवायला सात-आठ हात असले तर मध्यरात्रीपर्यंत होतात. उरलेल्या पाव भागातली पांढरी शेवंती फेकू नका. परातीत ओल्या कापडाखाली झाकून रथावरच न्या, वाटेत गळलेल्या जागी खोचायला लागते.